बाबांचा आयपॉड लोगोवर अडकलाय, रिसेट आणि रिस्टोअर यात गाणी कशाने जातात?

निर्मला_सांगली:

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. घरात बाबांचा आयपॉड क्लासिक आहे, १६० जीबीचा, काळा, पाठीमागून स्टीलचा. माझ्या भावाने २०१० मध्ये आणून दिला होता. बाबा २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून तो आईकडे असतो, रोज पहाटे देवपूजा करताना छोट्या स्पीकरला जोडून ती बाबांची काकडआरती लावते. बाबा आमच्या गावच्या भजनी मंडळात म्हणायचे, कार्तिकात महिनाभर देवळात काकडा असायचा, त्याचं टेपवर केलेलं रेकॉर्डिंग त्यांनी स्वतः बसून एकेक कॅसेट कॉम्प्युटरला जोडून उतरवलं होतं. त्या कॅसेट घर बदलताना भंगारात गेल्या, आणि ज्या कॉम्प्युटरवर उतरवलं त्याची हार्डडिस्क २०१६ ला गेली, म्हणजे आता हे सगळं फक्त या आयपॉडमध्ये आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

परवापासून चालू केला की सफरचंद येतं, मिनिटभर राहतं, स्क्रीन काळी होते, परत सफरचंद. आतून अगदी बारीक टक टक असा आवाज येतो, कानाला लावला तरच कळतो. इथल्या एका दुकानात नेला तर तो मुलगा म्हणाला रिस्टोअर मारून देतो पाचशे रुपये, दहा मिनिटांचं काम. मी विचारलं आतली गाणी राहतील ना, तर म्हणाला बघू. त्या बघू वरून मी परत घेऊन आले. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. आई रोज विचारतेय, मी तिला चार्जिंगला लावलाय एवढंच सांगितलंय.

ओंकार२२:

ताई आधी रिसेट करून बघा, बहुतेक वेळा त्यानेच होतं. वरचं होल्डचं बटण एकदा सरकवून लॉक करा (नारिंगी पट्टी दिसते) आणि परत उघडा. मग चाकावरचं मेन्यू आणि मधलं गोल बटण दोन्ही एकदम दाबून धरा, साधारण ६ ते ८ सेकंद, स्क्रीन बंद होऊन परत सफरचंद आलं की सोडा. दोन्ही नीट दाबली गेली पाहिजेत, अंगठा घसरला की होत नाही. चार्जरला लावून केलंत तर अजून बरं. त्याने नाही झालं तर आयट्यून्सला (कॉम्प्युटरवरचा अ‍ॅपलचा गाण्यांचा प्रोग्राम) लावून रिस्टोअर करून टाका, नवा कोरा होतो.

सुरपेटी:

निर्मलाताई, कृपया रिस्टोअरच्या बटणाला अजिबात हात लावू नका. ओंकार, रिसेटची पद्धत तू बरोबर सांगितलीस, पण रिस्टोअरने आयपॉडमधलं सगळं पुसलं जातं. गाणी, फोटो, प्लेलिस्ट, काही राहत नाही. ज्याची सगळी गाणी कॉम्प्युटरवर आहेत त्याने खुशाल करावं, परत सिंक केलं की झालं. ताईंकडे ती एकच प्रत आहे, रिस्टोअर केलं तर त्यांच्या बाबांचा आवाज जाईल.

ताई, हे दोन शब्द दुकानातही एकमेकांत मिसळतात म्हणून नीट सांगतो. रिसेट म्हणजे अडकलेलं मशीन बंद करून परत चालू करणं, त्यात गाण्यांना धक्का लागत नाही. रिस्टोअर म्हणजे आतली डिस्क पुसून सॉफ्टवेअर पहिल्यापासून भरणं. तुमच्या बाबतीत क्रम असा राहील, आधी रिसेट, मग गाणी बाहेर काढणं, त्यांच्या दोन तीन प्रती करणं, त्या वाजवून बघणं, आणि त्यानंतरच गरज वाटली तर रिस्टोअर. आयपॉड एकवेळ गेला तरी चालेल, रेकॉर्डिंग राहिलं पाहिजे.

तुम्ही टक टक म्हणालात त्याची मला जास्त काळजी वाटते. क्लासिकमध्ये मेमरी कार्डासारखं काही नसतं, आत खरीखुरी फिरणारी हार्डडिस्क असते, १.८ इंचाची. वय झालेली डिस्क सुरू होताना अडखळते, वाचायला जाते, जमत नाही, परत प्रयत्न करते, आणि तेवढ्यात मशीन कंटाळल्यासारखं परत पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून सारखा सारखा चालू बंद करू नका, प्रत्येक वेळी डिस्कला त्रास होतो. आज एकदाच रिसेट करा, चालू झाला तर गाणी ऐकत बसू नका, लगेच कॉम्प्युटरला लावा.

रिसेटने नाही झालं तर डिस्क मोड करायचा. मेन्यू आणि मधलं बटण धरून रिसेट करा, सफरचंद दिसल्या दिसल्या ती दोन सोडून लगेच मधलं आणि खालचं प्ले पॉज धरा. वेळ साधायला दोन तीनदा चुकतं, चुकलं तर दहा मिनिटं थांबून परत. जमलं की स्क्रीनवर डिस्क मोड असं इंग्रजीत येतं. मग तो आयपॉड कॉम्प्युटरला साध्या पेनड्राइव्हसारखा दिसतो, गाण्यांचा प्रोग्राम चालू न होता. तुमच्याकडे विंडोज आहे का?

निर्मला_सांगली:

हो विंडोज आहे, मुलीचा लॅपटॉप. खूप खूप धन्यवाद, तुमचं वाचून दुकानातून परत आणला ते किती बरं केलं असं झालं.

रिसेट केला. पहिल्यांदा अंगठा घसरलाच, दुसऱ्यांदा झालं. सफरचंद आलं आणि चक्क मेन्यू आला, आई शेजारीच होती, तिने हात जोडले. पण लॅपटॉपला लावायला वायर शोधेपर्यंत परत बंद पडला. मग वायर लावली तर आयट्यून्स (मुलीने आजच घेतलं) म्हणतंय हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून या लायब्ररीशी सिंक करायचा का. मी घाबरून वायरच ओढली. ओढायला नको होती का?

सुरपेटी:

वायर ओढली ते या वेळेला चालून गेलं, पण परत नको, डिस्क लिहीत असताना ओढली तर आतली यादी बिघडते. त्या खिडकीत इरेज अँड सिंक असं बटण असतं, ते म्हणजे रिस्टोअरचाच भाऊ, सगळं पुसतं. कॅन्सल दाबायचं. हा आयपॉड एका वेळी एकाच कॉम्प्युटरच्या लायब्ररीशी बांधलेला असतो, बाबांचा जुना कॉम्प्युटर गेला म्हणून तो नवीन लॅपटॉपला परका समजतोय, एवढंच. सगळ्यात सोपं म्हणजे गाणी निघेपर्यंत आयट्यून्स काढूनच टाका. ठेवायचंच असेल तर वायर लावताना कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरून ठेवा, आयपॉड दिसेपर्यंत, म्हणजे तो आपोआप सिंक करायला जात नाही.

मेघा_टोरंटो:

मध्ये बोलतेय, पण निर्मलाताई एक गोष्ट आधी बघा. तुमच्या भावाने आयपॉड आणून दिला तेव्हा पहिल्यांदा मॅकवर चालू केला होता का? माझ्या नणदेच्या आयपॉडचं असं झालं होतं. मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजला वाचता येत नाही, आणि विंडोज लगेच म्हणतं ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करा. तिने बिचारीने हो म्हटलं. लग्नातली सगळी मंगलाष्टकं त्यात होती, तिच्या आजोबांनी म्हटलेली.

आयपॉड थोडा वेळ जरी चालू झाला तर सेटिंग्जमध्ये अबाउट मध्ये जा आणि मधलं बटण दाबत रहा, पानं बदलतात, त्यात विंडोज लिहिलेलं दिसलं की काळजी नाही. आणि फॉरमॅट असा शब्द स्क्रीनवर कुठेही आला तर कॅन्सल.

वायर पण बदलून बघा. त्या जुन्या रुंद ३० पिनांच्या वायरी मानेपाशी तुटतात, चार्जिंग होतं पण डेटा जात नाही. आणि लॅपटॉपलाच थेट लावा, मध्ये हब नको.

रेडिओदुरुस्ती_काका:

मी ३५ वर्षं टेप, डेक, रेडिओ दुरुस्त केले, आता हे आयपॉड येतात माझ्याकडे अधूनमधून. बाकी मंडळींनी बरोबर सांगितलंय, मी फक्त बॅटरीचं बोलतो कारण ते कुणी बोललं नाही. एवढ्या जुन्या आयपॉडची बॅटरी थकलेली असणार. हार्डडिस्क फिरायला सुरुवात होताना एकदम जास्त करंट ओढते, थकलेल्या बॅटरीला तो देता येत नाही, व्होल्टेज बसतं, मशीन रीस्टार्ट होतं. लोगो येतो जातो याचं हे एक मोठं कारण असतं, डिस्क मेलीच असं लगेच धरू नका. मोबाईलच्या चांगल्या चार्जरला लावून तासभर तसाच ठेवा, हात न लावता. मग करा काय ते.

डिस्कची तब्येत बघायची तर आतच सोय आहे. रिसेट करताना स्क्रीन काळी झाली की मधलं बटण आणि मागे जायचं डावीकडचं बटण धरायचं. एक साधा मेन्यू येतो, तिथे चाक फिरवून चालत नाही, पुढे मागेच्या बटणांनी सरकायचं. मॅन्युअल टेस्ट, मग आयओ, मग हार्डड्राइव्ह, मग एचडी स्मार्ट डेटा. तिथे रीअ‍ॅलॉक्स आणि पेंडिंग सेक्टर्स हे दोन आकडे बघा. दोन्ही शून्य किंवा अगदी थोडे म्हणजे डिस्क ठणठणीत, शेकड्यात असतील तर डिस्कच्या पाटीवरची जागा खराब होत चाललीय. बाहेर यायला परत मेन्यू आणि मधलं. यात काही पुसलं जात नाही पण दुसरी कुठली टेस्ट चालू करू नका पोरी, उगाच डिस्क फिरवत बसेल. आणि हे गाणी काढल्यावर कर, आधी नको.

निर्मला_सांगली:

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे दीड तास चार्जरला ठेवला. मग डिस्क मोडला तिसऱ्या प्रयत्नात गेला. मेघाताई, भावाला फोन करून विचारलं, त्याने नुसता डबा आणून दिला होता, पहिल्यांदा बाबांनीच घरच्या विंडोजवर चालू केला. लॅपटॉपवर आयपॉड दिसतोय!!! पण उघडला तर आत कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, नोट्स असे फोल्डर आहेत आणि सगळे जवळपास रिकामे. गाणी कुठेत? छातीत धस्स झालं.

सुरपेटी:

घाबरू नका, गाणी आहेत, लपवलेली आहेत. वर व्ह्यू मध्ये जाऊन हिडन आयटम्स वर टिक करा. आयपॉड कंट्रोल नावाचा फोल्डर दिसेल, त्यात म्युझिक, त्यात एफ००, एफ०१ असे बरेच फोल्डर. गाणी त्यात विखुरलेली असतात आणि नावं चार इंग्रजी अक्षरांची, काही अर्थ नसलेली. ते तसंच असतं, बिघाड नाही.

आता कृपया आत काही उघडून वाजवू नका. सगळा आयपॉड कंट्रोल फोल्डर आहे तसा लॅपटॉपवर कॉपी करा, कट नाही, कॉपी. नुसता म्युझिक नको, शेजारी आयट्यून्स नावाचा फोल्डर आहे तोही हवा, गाण्यांची खरी नावं त्यात असतात. आधी तो छोटा फोल्डर घ्या आणि मग एफ वाले एकेक करून, सगळे एकदम नको, म्हणजे कुठे अडकलं ते कळेल. एखाद्या फाइलवर कॉपी थांबली आणि टक टक वाढली तर तो फोल्डर सोडून पुढचा घ्या. खराब जागेवर परत परत डोकं आपटलं की चांगली जागाही जाते. राहिलेलं नंतर बघू, लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे, ते आधी सगळं सहज वाचता येण्यासारखं उचलतं आणि अवघड जागा शेवटी धरतं.

निर्मला_सांगली:

काल रात्री साडेनऊला बसले ते दीड वाजला. आयपॉड स्टीलच्या ताटलीवर ठेवला होता, गरम होत होता म्हणून, आणि पंखा त्याच्याकडे. एफ०० ते एफ१६ सुरळीत. एफ१७ मध्ये एका फाइलवर पट्टी थांबली, टक टक टक असं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट ऐकू यायला लागलं. सुरपेटी तुम्ही सांगितलं होतं म्हणून कॅन्सल केलं, दहा मिनिटं थांबले आणि पुढे गेले. शेवटी एफ१७ एकेक फाइल करत घेतला तर फक्त दोन फाइली आल्या नाहीत. बाकी सगळं आलं. सगळं!!

आता अडचण अशी की बाबांची रेकॉर्डिंग ओळखू येत नाहीत. विकत घेतलेल्या सीडींची गाणी प्लेअरमध्ये नावासकट दिसतात पण बाबांच्या फाइलींना नुसती ती चार अक्षरं. आयपॉडवर तर नावं दिसायची, काकडा कार्तिक बाजू अ, काकडा बाजू ब, हरिपाठ, गवळणी अशी. एकेक लावून ऐकायला गेलं तर प्रत्येक ४५ मिनिटांची आहे. पहिलीच लावली आणि पखवाज सुरू व्हायच्या आधी बाबा कुणालातरी सांगताना ऐकू आले, दार लावून घे रे वारा येतोय. त्यापुढे मला काल ऐकवलं नाही.

सुरपेटी:

ताई, वाचून थांबलो क्षणभर. फार चांगलं झालं.

नावांचं असं आहे की सीडीवरून घेतलेल्या गाण्यांच्या फाइलीतच नाव लिहिलेलं असतं. बाबांनी टेपवरून उतरवताना फाइलीला नाव दिलं पण फाइलीच्या आत ते लिहिलं गेलं नाही, ते आयट्यून्सच्या यादीत राहिलं आणि तिथून आयपॉडच्या यादीत आलं. ती यादी म्हणजे आयट्यून्सडीबी नावाची फाइल, तुम्ही कॉपी केलेल्या आयट्यून्स फोल्डरमध्ये आहे, म्हणजे नावं हरवलेली नाहीत. पेनड्राइव्हवर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार, विंडोजच्या जागी चालतो) घ्या, लॅपटॉप त्यावरून चालू करा, ट्राय उबंटू निवडा (इन्स्टॉल नको, लॅपटॉपचं काही बदलायचं नाहीये). त्यात रिदमबॉक्स म्हणून प्लेअर आहे, आयपॉड जोडला की तो यादी वाचून नावासकट दाखवतो. बाबांच्या फाइली निवडून म्युझिकमध्ये ओढायच्या, नावासकट बाहेर येतात. आयपॉडवर त्यातून काही चढवायला जाऊ नका, फक्त वाचायचं.

रेडिओदुरुस्ती_काका:

पोरी त्या ४५ मिनिटांच्या फाइलींना हात लावून आवाज साफ करत बसू नको अजून. खरखर काढायच्या नादात लोक पखवाजाचा वरचा चाटीचा आवाजही काढून टाकतात. मूळ आहे तशी एक प्रत बाजूला ठेव, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर.

निर्मला_सांगली:

आज रविवार म्हणून सगळं करून मगच लिहितेय. रिदमबॉक्समध्ये नावं दिसली, जशीच्या तशी. ४३ रेकॉर्डिंग आहेत, मला वाटत होतं दहाबारा असतील. त्यात एक नुसतं आजी असं नाव आहे, लावलं तर माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय, मध्येच विचारतेय चालू आहे का रे ते, आणि बाबा हळूच हो म्हणतात. हे रेकॉर्डिंग आहे हे आईलाही माहीत नव्हतं. न आलेल्या दोन फाइली सिनेमातल्या गाण्यांच्या निघाल्या, त्या कुठेही मिळतील.

लॅपटॉपवर एक प्रत, पेनड्राइव्हवर एक, आणि एक पेनड्राइव्ह कुरिअरने भावाकडे जातोय. काका, तुम्ही सांगितलेले आकडे आज बघितले, रीअ‍ॅलॉक्स ३१२ आणि पेंडिंग ४०.

एवढं सगळं झाल्यावर मग आयट्यून्स परत घेतलं आणि रिस्टोअर केलं. बटण दाबताना हात थरथरत होता खरं सांगते, सगळं बाहेर आहे हे माहीत असूनही. पाचसात मिनिटांत झालं, भाषा निवडा असं आलं, अगदी नवा असल्यासारखा. फक्त बाबांची ४३ चढवली आहेत. आज दिवसभर तरी बंद पडला नाही.

रेडिओदुरुस्ती_काका:

३१२ म्हणजे डिस्क दमलीय. रिस्टोअरने सॉफ्टवेअर नवं झालं, डिस्क जुनीच आहे, महिना चालेल नाहीतर वर्ष. चालवायचाच असेल तर डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवायची पट्टी मिळते, वजन कमी होतं, टक टक कायमची जाते, बॅटरीही जास्त चालते. त्याच वेळी बॅटरी बदलून घे. पण घरी उघडू नको, क्लासिकची पाठ आणि पुढचा भाग दोन्ही धातूचे, क्लिपांनी घट्ट धरलेले, पाती घालून उचकटताना वाकतात आणि बॅटरीची पातळ रिबन तुटते. हे काम आधी केलेला माणूस शोध. हे मॉडेल २०१४ पासून बंद आहे, पण सुटे भाग अजून मिळतात.

ओंकार२२:

निर्मलाताई सॉरी, मी पहिल्याच उत्तरात रिस्टोअर करून टाका लिहिलं होतं. घरी सगळं कॉम्प्युटरवर असायचं म्हणून कधी डोक्यात आलंच नाही. माझ्या काकांकडे पण एक नॅनो आहे चौकोनी छोटा स्क्रीनवाला, घड्याळासारखा, तो पण अडकतो, त्याला तर मेन्यू बटणच नाही, त्याचं रिसेट कसं? आधी गाणी काढून घेतो यावेळी.

मेघा_टोरंटो:

तो सहाव्या पिढीचा नॅनो असणार. त्याला झोपवायचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण दोन्ही धरायची, सफरचंद येईपर्यंत. त्यानंतरचा उंच असतो, खाली गोल बटणवाला, त्याला झोपवायचं आणि ते गोल होम बटण. आणि शफल असेल तर नुसता बंद करून दहा सेकंद थांबून चालू करायचा. नॅनोत हार्डडिस्क नसते, चिपच असते, त्यामुळे टक टकीचा प्रश्न नाही, पण रिस्टोअर केलं तर गाणी त्यातलीही जातातच.

निर्मला_सांगली:

ओंकार, सॉरी कशाला, रिसेट तुझ्यामुळेच कळलं. काका, कार्डाचं पुण्याला गेले की बघते.

आज पहाटे आईने लावला. मी स्वयंपाकघरात होते. ते दार लावून घे रे आलं आणि आई उठून खरंच दार लावायला गेली, मग परत येऊन बसली आणि वाती करायला लागली. ओव्यांचं तिला अजून सांगितलं नाहीये, आत्या गुरुवारी येतेय, दोघींना एकदम ऐकवणार आहे.